गोल गॅलरीची तीच काच पुन्हा पुन्हा का फुटते?

काच फुटली की फोन येतो, आणि फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, तुमचा मालच खराब होता." मागच्या वर्षापर्यंत मीही मनातल्या मनात तेच म्हणत असे, फक्त बोट कारखान्याकडे. एका गॅलरीत एकच काच तीनदा फुटली तेव्हा ती सवय मोडली. बेंड, म्हणजे गोलाईची, टफन काच (तापवून झटक्यात थंड केलेली, म्हणून कडक) एकाच जागी दुसऱ्यांदा फुटली असेल, तर तिसरी मागवण्याआधी हे वाचा. नवी काच आली तरी जुना दोष जागेवरच बसलेला असतो.

आधी ती गॅलरी. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातला बंगला, पहिल्या मजल्यावर पश्चिमेला अर्धगोलाकडे झुकणारी बाल्कनी. चार काचा, प्रत्येक १२ मिमी टफन, मीटरभर उंच, खाली ॲल्युमिनियमच्या यू आकाराच्या पट्टीत, म्हणजे यू चॅनलमध्ये, बसवलेल्या. वर हँडरेल नाही, कारण मालकीणबाईंना, म्हणजे काकूंना, झाडं मोकळी दिसायला हवी होती. काम डिसेंबरात झालं. पहिली काच फुटली एप्रिलमध्ये, दुपारी चारच्या सुमारास, गॅलरीत कोणी नसताना. बदलली. जूनच्या सुरुवातीला पुन्हा. बदलली. पुढच्या मे महिन्यात काकूंचा फोन: "अरे बापा, पुन्हा फुटली न! फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, मी पोह्यांची कढई सोडून पळाली." तिन्ही वेळा तिसरीच काच. पहिली, दुसरी, चौथी ठणठणीत.

माझ्या फिटरचं म्हणणं होतं, "मालच खराब येऊन राहिला." कारखान्यातून उत्तर आलं की निकेल सल्फाइड असेल. हे नाव आमच्या धंद्यात आता सगळ्यांना पाठ झालंय, म्हणून ते आधी निकालात काढू.

काच वितळवताना तिच्यात कधीकधी निकेल सल्फाइडचा अगदी बारीक, डोळ्याला न दिसणारा कण राहतो. हा कण ३७९ अंशांच्या वर एका रूपात असतो आणि खाली दुसऱ्या. टफन करताना काच ६२० अंशांच्या पुढे तापवून वाऱ्याच्या झोतानं झटक्यात थंड करतात. त्यात कणाला रूप बदलायला वेळच मिळत नाही. मग तो महिन्यांनी, वर्षांनी सावकाश बदलतो आणि बदलताना २ ते ४ टक्के फुगतो. कण काचेच्या मधल्या, ताण असलेल्या थरात असेल तर काच आपोआप फुटते. यावर उपाय म्हणून चांगले कारखाने तयार काच पुन्हा भट्टीत २६० ते २९० अंशांवर काही तास ठेवतात. ज्या काचेत दोष असेल ती बहुतेक वेळा तिथंच फुटून जाते. याला हीट सोक म्हणतात. रेलिंगच्या काचेला तो करून घ्यावाच, त्यात वाद नाही.

पण निकेल सल्फाइड पत्ता शोधत येत नाही. तीन वेगवेगळ्या खेपांतल्या तीन काचा आणल्या आणि तिन्ही त्याच खाचेत फुटल्या, तर दोष काचेत नाही, खाचेत आहे. हे कळायला मला दोन काचांचे पैसे मोजावे लागले.

तर पहिलं काम: झाडू मारू नका. टफन काचेचा चुरा होतो, सगळा पुरावा जमिनीवर, आणि घरचे लोक दहा मिनिटांत तो गोळा करून कचऱ्याच्या गाडीत देतात. त्यांचंही बरोबर आहे, पायाला लागतं. पण यू चॅनलमधल्या काचेचं एक बरं असतं. वरचं सगळं कोसळलं तरी चॅनलमधली चार बोटं काच तुकड्यांनिशी आत अडकून राहते. तडे सगळे एका जागेवरून पंख्यासारखे फाकतात. त्या राहिलेल्या पट्टीचा फोटो काढा, मग तड्यांचा उलटा माग काढा, सगळ्या रेषा कुठं भेटतात ते दिसतं. उगमाशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे, एकमेकांना चिकटलेले तुकडे दिसले आणि ती जागा काचेच्या मधोमध असली, तर निकेल सल्फाइडचा संशय धरायला हरकत नाही. उगम धारेवर असेल तर मात्र विषय वेगळा.

आमच्या तिसऱ्या काचेत उगम उजव्या खालच्या कोपऱ्यात होता. धारेवर नखाएवढा, शिंपल्याच्या आकाराचा टवका. आणि बरोबर त्याच्यासमोर चॅनलचा जोड.

आता या जोडाची गोष्ट नीट सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. चॅनल १२ फुटी लांबीत येतो, म्हणजे ३६६० मिमी. आमच्या चार काचांची एकूण लांबी पाच मीटरच्या आसपास. फॅब्रिकेटरनं एक अख्खी लांबी वाकवली आणि उरलेल्या जागेत तुकडा जोडला. हिशेब केला तर तीन काचा आणि मधल्या फटी मिळून ३६७८ मिमी. म्हणजे जोड तिसऱ्या काचेच्या उजव्या टोकापासून १८ मिमी आत. काचेचा सगळ्यात नाजूक भाग कोपरा, आणि नेमका त्याखाली जोड.

तेवढ्यावरही भागलं असतं. पण रोलरमध्ये पट्टी वाकवताना तिची दोन्ही टोकं सरळच राहतात. तीन रोलरांच्या मधे जेवढा भाग येतो तेवढाच वाकतो. म्हणून चांगला फॅब्रिकेटर पट्टी जास्त लांब घेतो आणि वाकवल्यावर टोकं कापून टाकतो. आमच्यानं माल वाचवला. वीतभर, म्हणजे साधारण २०० मिमी, टोक सरळ राहिलं. आमची त्रिज्या २१६० मिमी. एवढ्या त्रिज्येवर २०० मिमी सरळ गेलं तर टोक कमानीपासून ९ मिमी बाहेर पडतं. चॅनलची आतली रुंदी २२, काच १२, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी जागा. नऊ मिमीचा फरक त्यात कसा मावणार? मावला नाही, म्हणून फिटरनं अँकर बोल्ट कसून टोक आत ओढलं. जोडाला कोन आला, कापलेली धार कानशीनं घासलेली नव्हती, आणि तिथं रबर बसेना म्हणून त्यानं रबर काढूनच टाकलं. तीन ओळीत सांगता येतं, पण हे सगळं सिलिकॉनच्या थराखाली झाकलेलं होतं. बाहेरून काम एकदम सुबक.

मग डिसेंबरात का नाही फुटली? कारण नागपूर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ ला सहज जातो, ४७ ही पाहिलाय. पश्चिमेच्या उन्हात काळा पावडर कोटिंग केलेला चॅनल हात लावू देत नाही. मी इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर ६८ दाखवलं. काम झालं तेव्हा चॅनल २० च्या आसपास असेल. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ हजारांश मिमी वाढतं, काच जेमतेम ९. ३६६० मिमीची पट्टी ४८ अंशांच्या फरकात जवळजवळ ४ मिमी वाढते. जोडात फट ठेवली असती तर वाढ तिथं जिरली असती. फट नव्हती. दोन टोकं एकमेकांना भिडली, अँकरांनी सरळ सरकू दिलं नाही, म्हणून ती आत कलली आणि काचेच्या कोपऱ्याला टेकली. दुपारी टेकायची, रात्री सुटायची. रोज. टफन काचेचं अंग दणकट असतं. पृष्ठभागावर ६९ मेगापास्कलच्या वर दाब कोंडलेला असतो, त्यावर हातोडी मारली तरी बरेचदा काही होत नाही. पण धारेवर धातूचं टोक रोज घासलं की एक दिवस टवका त्या दाबाच्या थरापलीकडे जातो आणि सगळी काच एकदम सुटते. "कोणी हात लावला नव्हता" हे काकूंचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

दुरुस्ती अशी केली. चॅनल उखडला. नवीन वाकवताना दोन्ही टोकांना फूटभर जास्तीचा माल घेतला आणि नंतर कापला. जोडाची जागा हलवून दोन काचांच्या मधल्या फटीखाली आणली. जोडात ४ मिमी फट ठेवली, धारा कानशीनं मोडल्या. प्रत्येक काचेखाली दोन कडक रबराचे ठोकळे, लांबीच्या पाव भागावर, दोन्हीकडून. काच ३६-३७ किलोची आहे, मऊ रबर घातलं तर ते दबून काच धातूवर बसते. बाजूंना सलग गॅस्केट, एक इंचही मोकळं नाही. चॅनलच्या तळाला पाणी जायला भोकं. ही भोकं लोक विसरतात, आणि पावसाळ्यात चॅनलचा हौद होतो.

या वेळी आम्ही काचही बदलली. एकेरी टफनऐवजी ६ अधिक ६ लॅमिनेटेड, मधे दीड मिमी पीव्हीबी, म्हणजे चिकट प्लास्टिकची फिल्म, दोन्ही पदर टफन. हे पहिल्यापासून करायला हवं होतं. टफन फुटली की किरकोळ कापतं हे खरं, पण पहिल्या मजल्यावरची अख्खी रेलिंग एका क्षणात नाहीशी होते हेही खरं, आणि खाली काकूंचा नातू सायकल चालवतो. लॅमिनेटेड फुटली तरी फिल्मला चिकटून जागेवर उभी राहते. वरून एक बारीक हँडरेलही लावली. काकू आधी नाराज होत्या.

आता मापाबद्दल, कारण वरच्यासारखा जोड नसला तरी बेंड काच मापातून फुटते, आणि मापाची चूक आपल्याला वाटते त्यापेक्षा मोठी निघते.

बहुतेक साइटवर मिस्त्री दोन मापं घेतो: दोन टोकांमधलं सरळ अंतर, म्हणजे शाळेतली जीवा, आणि जीवेच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची, जिला आम्ही पोट म्हणतो. त्यावरून त्रिज्या निघते: जीवेचा वर्ग भागिले पोटाची आठपट, अधिक पोटाचा निम्मा. सूत्र बरोबर आहे. पण आमच्या काचेची जीवा १२०० आणि पोट ८५ धरलं तर त्रिज्या येते २१६०. पोट चुकून ८० मोजलं, दीड-दोन सुतांचा फरक, तर त्रिज्या २२९०. पाच मिमीच्या चुकीनं १३० मिमीचा फरक! अशी काच चॅनलमध्ये तीन ठिकाणी टेकते, मधे एका बाजूला आणि दोन्ही टोकांना दुसऱ्या बाजूला. फिटर म्हणतो "थोडी टाइट आहे, बसेल." बसते. आणि उन्हाळ्याची वाट बघते.

त्रिज्या कोणत्या बाजूची हेही लिहा. १२ मिमी काचेची आतली त्रिज्या २१६० असेल तर बाहेरची २१७२, आणि एका काचेत दोन्ही बाजूंच्या लांबीत जवळजवळ ७ मिमीचा फरक पडतो. चार काचांत तो २७ मिमी होतो. शेवटच्या काचेला भिंत आडवी येते ती इथून. आणि टफन काच घासता येत नाही, कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. एक सूत जास्त झाली तरी ती भंगारात.

म्हणून कागदावरच्या मापावर माझा आता विश्वास नाही. फर्मा, म्हणजे काचेच्या गोलाईचा नमुना, काढा. सहा मिमी एमडीएफचा, प्रत्येक काचेचा वेगळा, चॅनल बसल्यावर चॅनलमधूनच आखलेला, खालचा आणि वरचाही. वेगळा का, तर आपल्याकडच्या स्लॅबची गोलाई खिळा आणि दोरीनं आखलेली असते, आणि सेंट्रिंगवाल्यानं प्लाय ठोकताना ती जिथं जमली तिथं वाकवलेली असते. एका बाल्कनीत चार त्रिज्या सापडतात. फर्म्यावर मार्करनं लिहा: काच क्रमांक, आतली बाजू, वरची बाजू, तारीख. काच आली की गाडीतून उतरवल्या उतरवल्या, सही करण्याआधी, तिच्या धारेला फर्मा लावून पाहा. कुठं किती फट येते ते मोजा. टोकांपाशी काच थोडी सपाट असते, हा भट्टीचा स्वभाव आहे, पण किती चालेल ते ऑर्डर देतानाच लेखी ठरवा. गोल काचेसाठी आयएसओ ११४८५ हे मानक आहे, आपल्याकडे सेफ्टी काचेसाठी आयएस २५५३. कारखान्याशी बोलताना यांचं नाव घेतलं की समोरचा जरा सरळ बसतो.

आलेली काच खरंच टफन आहे का हे पाहायचं असेल तर पोलराइज्ड गॉगल घाला आणि काचेत आकाशाचं प्रतिबिंब तिरकं बघा. टफन असेल तर फिकट ठिपके किंवा पट्टे दिसतात. तो दोष नाही, झटक्यात थंड केल्याची खूण आहे. माझ्या एका ग्राहकानं नवी काच याच ठिपक्यांसाठी परत पाठवायला काढली होती.

साध्या बेंड काचेची, म्हणजे टफन न केलेल्या, गोष्ट वेगळी. सीताबर्डीवरच्या एका दुकानाच्या कोपऱ्यावर गोल शोकेस आहे. काच भट्टीत साच्यावर वाकवून सावकाश थंड केलेली. अशी काच दोन भागांत साधारण ४० अंशांच्या फरकापर्यंतच तग धरते. दुकानदारानं उन्हासाठी काळी सनफिल्म लावली, आतून एसीचा झोत काचेवर, वर छज्जाची अर्धी सावली, आणि संध्याकाळी पाच वाजता पोऱ्या पाइपनं काच धुतो. उन्हात तापलेलं अंग, चौकटीत झाकलेली थंड धार. तडा धारेपासून काटकोनात निघाला, दोन-तीन इंच सरळ गेला आणि मग नदीसारखा वळत गेला. ही खूण लक्षात ठेवा: धारेशी काटकोन म्हणजे उष्णतेचा तडा. एका बिंदूतून चहूकडे फाकलेले तडे म्हणजे दगड, चेंडू नाहीतर माणूस. फिल्म काढा, एसीची पंखुडी वळवा, धुणं सकाळी करा. कूलरच्या तोंडासमोर काच असेल तर हेच. पाण्याचे शिंतोडे तापलेल्या काचेवर पडत राहतात. बदलायचीच असेल तर टफन बेंड घ्या, ती दोनशे अंशांच्या फरकालाही दबत नाही. त्यांनी पुन्हा साधीच घेतली, फिल्मसह. मी काम घेतलं नाही.

वेल्डिंगचं पण सांगून ठेवतो. काच बसल्यावर शेजारी ग्रिलचं वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवू देऊ नका. ठिणग्या काचेत रुततात, बोट फिरवलं तर खरखर लागते. ते खड्डे पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवलेले असतात.

लॅमिनेटेड बेंडमध्ये कडेनं बुडबुडे येत असतील तर आधी सिलिकॉनची नळी शोधा. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला होता का? तसं सिलिकॉन पीव्हीबीला मानवत नाही, न्यूट्रल लागतं. वास नव्हता आणि बुडबुडे दोन टोकांनाच आहेत, तर काचेचे दोन पदर एकमेकांच्या गोलाईत बसलेले नाहीत. ती साइटवर सुधारत नाही, परत पाठवा.

एक विषयांतर. आमच्याकडे वर्धा रोडवरच्या एका इमारतीसाठी आत वळलेली, म्हणजे वाटीसारखी, काचेची दर्शनी भिंत करायची चौकशी आली होती, तोंड पश्चिमेला. मी त्यांना लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीटची गोष्ट सांगितली. तिथं २०१३ मध्ये आत वळलेल्या काचेनं ऊन रस्त्यावर एकवटलं आणि उभ्या गाडीचे भाग वितळले. नंतर वरून सावलीच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. लंडनच्या उन्हात हे, तर आपल्या मे महिन्यात काय होईल, तुम्हीच बघा. बाहेर फुगलेली काच ऊन पसरवते, आत वळलेली गोळा करते. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

काच फुटल्यापासून नवी येईपर्यंत तीन आठवडे जातात, गोल काच नागपुरात शेल्फवर मिळत नाही. तेवढे दिवस ती जागा दोरी बांधून सोडू नका. १२ मिमीचा प्लाय चॅनलला क्लॅम्प करून आडवा लावा, आतून दोन आडवे पाइप द्या. फर्मे मात्र फेकू नका. काकूंचे चार फर्मे माझ्या वर्कशॉपमध्ये खिळ्याला टांगलेले आहेत. त्यांच्या गॅलरीत प्लाय होता तेव्हा त्यांनी त्यावर कुंडीतला गोकर्णाचा वेल चढवला होता, आणि काच घेऊन माणसं आली तेव्हा तो काढू देईनात. शेवटी वेल नव्या हँडरेलवर हलवला. आता ती हँडरेल त्यांना बरी वाटते.